ताईची संख्या : ७३९३९१३३

ताई,

उत्तर आधी सांगून मोकळं व्हावं असं फार वाटलं. पण आधी उत्तर लिहून मग वर गणित रचणाऱ्या पोरांना तू अर्धेच गुण द्यायचीस. "कसं केलं थे मांड, मंग उत्तराखाली दोन रेघा मार." म्हणून मांडतो. परवा तुझी तेरवी झाली. तुझ्या माघारी काय काय घडलं ते तुला कळवायचं आहे, आणि त्या कामाला घरात माझ्याहून अयोग्य माणूस सापडला नाही. लग्नात, बारशात, पंगत उठल्यावर गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे हे खरं. पण गणिताची गोष्ट सांगायची पाळी पहिल्यांदाच आली. नववीत मला गणितात अकरा गुण पडले होते, आठवतं? बाबा काठी शोधत होते आणि तू म्हणालीस, "अकरा मूळ संख्या हाय बाबा. याले कोणी वाटून नाई घेऊ शकत." बाबांचा हात तिथेच थांबला. गणिताने माझ्यावर केलेला तो पहिला उपकार.

तू गेलीस त्या दिवशी रोपांच्या अकराव्या ट्रेमधला एक कप्पा भरायचा राहिला होता. त्याचं काय झालं, हे तुला कळवायचं आहे.

पण पायऱ्या.

मूळ संख्या म्हणजे काय ते तू मला बाजारात शिकवलंस. मालेगावच्या आठवडी बाजारात माय पोतं अंथरून बसायची, आणि उरलेल्या लिंबांचे सारखे वाटे लावायचं काम तुझ्याकडे असायचं. बारा लिंबं असली की तिनाचे चार वाटे, चाराचे तीन, सहाचे दोन, कसेही लागायचे. तेरा निघाली की तुझ्या कपाळाला आठी पडायची. काहीही कर, एखादं उरायचंच. माय म्हणायची, "दे थे एक गजूले अन् बस." मी ते चोखत बसायचो. म्हणजे आपल्या घरातली बाकी लहानपणापासून मीच. मला वाटायचं, उरलेलं लिंबू मिळतं म्हणजे चंगळ आहे. तू मात्र त्या तेराकडे अशी बघायचीस, जशी माय पिकल्या शेताकडे बघते. सारखे वाटे करू देत नाही म्हणजे काय? एवढा ताठा?

तुझ्या वर्गात पोरं विचारायची, "बाई, मंग एक काहून नाई मूळ संख्येत?" त्यावर तू सांगायचीस, "तुह्या घरी ज्वारी मोजते तवा पहिल्या मापाले तुहा बा काय म्हणते?" पोरगं म्हणायचं, "लाभ." "एक म्हणते का?" "नाई." "का बरं?" पोरगं डोकं खाजवायचं. "कारण थे मोजायच्या आधीचं असते. बस खाली." हे उत्तर पुस्तकात बसतं का, मला माहीत नाही. पण किन्हीराजाकडच्या खेड्यांतून आज जी चाळिशीची माणसं भेटतात त्यांतल्या एकालाही एक ही मूळ संख्या वाटत नाही.

तर तुझी संख्या. वाशीमला कुठल्याशा प्रशिक्षणाला गेलीस आणि येताना ती घेऊन आलीस. बाकीच्या मास्तरीणबाईंनी तिथून साड्या आणल्या. मी आपल्या रोपवाटिकेत मिरचीची रोपं भिजवत होतो. तू चपला न काढताच शेडनेटमध्ये शिरलीस, जुन्या फळ्यावर खडूने आठ आकडे लिहिलेस आणि म्हणालीस, "वाच."

"सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस."

"मूळ संख्या हाय."

"बरं."

तू उजवीकडचा तीन हाताने झाकलास. "आता?"

"त्र्याहत्तर लाख... काय असंल थे."

"थे बी मूळ." मग आणखी एक आकडा झाकलास. ७३९३९१. तीही मूळ. ७३९३९. तीही. ७३९३, ७३९, ७३, आणि शेवटी एकटे सात. उजवीकडून कितीही कापत जा, जे उरेल त्याचे सारखे वाटे होतच नाहीत. अशी एवढी मोठी संख्या दुसरी नाही, असं तू म्हणालीस तेव्हा तुझा आवाज चढला होता. मी पाण्याची झारी खाली ठेवली ती फक्त पाणी सांडू नये म्हणून. खरं सांगायचं तर मला काही कळलं नव्हतं. पण तुझ्या तोंडाकडे बघून वाटलं, हे काहीतरी जिंकून आलेल्या माणसाचं तोंड आहे.

"हे कोणी सांगतलं?" मी विचारलं.

"कम्प्युटरनं."

"मंग झालं तर."

"कम्प्युटर म्हणते म्हणून मानायचं? मी आयुष्यभर पोरायले काय सांगतलं? करून पाय, मंग बोल."

आणि इथून ते वेड सुरू झालं.

करून पाहायचं म्हणजे या संख्येला भागून पाहायचं. सगळ्या संख्यांनी नाही, फक्त मूळ संख्यांनी. आणि त्याही साडेआठ हजारांच्या थोडं पुढेपर्यंतच. तेवढ्यापर्यंतच का, हे मी तीन वेळा विचारलं. तिसऱ्यांदा तू लिंबांवर आलीस. "एवढी लिंबं सारख्या रांगांत मांडली, तर रांगा तरी शहाऐंशीशेच्या आत असतील, नाईतर एका रांगेतली लिंबं तरी. दोन्ही मोठे कसे असतील? लिंबं पुरतील का?" हे मला कळलं. गणित असं फळांत सांगितलं की मला कळतं, आकड्यांत सांगितलं की मी झारी शोधतो.

म्हणजे भागाकार किती? हजाराच्या वर. मी म्हणालो, "ताई, तू आता रिटायर होशील. सुखानं बस." तू म्हणालीस, "म्या एकटीनं थोडंच करायचं हाय?"

तुझी ती रीत मला पहिल्यापासून हास्यास्पद वाटली होती आणि आज तिचाच सगळ्यात जास्त अभिमान वाटतो, म्हणून नीट मांडतो. तू ज्यांना ज्यांना शिकवलंस त्यांच्या घरी गेलीस. प्रत्येक घराला एक मूळ संख्या दिलीस, हौशी घरांना चार चार. घरातल्या दोघांनी वेगवेगळं बसायचं, एकमेकांचं पाहायचं नाही, आणि त्या संख्येने आपल्या मोठ्या संख्येला भागायचं. मोबाईल दूर ठेवायचा. बाकी जुळली तर घरचा माणूस रोपवाटिकेत येऊन सांगणार, आणि तू ट्रेच्या एका कप्प्यात वांग्याचं एक बी टाकणार. रोप तयार झालं की ते त्या घरी जाणार.

अठ्ठ्याण्णव कप्प्यांचे माझे अकरा ट्रे तू अडवून ठेवलेस. दोन वर्षांच्या वर! गिऱ्हाईक विचारायचं, "हे रोप कितीले?" मी म्हणायचो, "हे विकाऊ नाई, हे एक हजार नऊ हाय." गिऱ्हाईक मागे सरकायचं. आणि त्या ट्रेवरूनही तू मला बोलणी खायला लावलीस. लांबीत चौदा, रुंदीत सात, असे कप्पे असतात म्हणून ट्रेत मूळ संख्या कधी मावणारच नाही, याचं तुला भारी कौतुक. वाशीमच्या ट्रेवाल्याला तू माझ्यादेखत विचारलंस, "सत्त्याण्णव कप्प्यांचा देता का?" तो म्हणाला, "बाई, एक बुजवून घ्या ना." तू म्हणालीस, "मंग चौकोन राहीन का थो?" तो माझ्याकडे पाहायला लागला. मी पंपाचं बिल वाचत असल्यासारखं केलं.

घरोघरी भांडणं लागली ती वेगळीच. दोन हजार तीनच्या घरी नवरा-बायकोची बाकी जुळेना. नवरा पंचायतीत बसणारा माणूस, त्याला वाटलं बायकोचीच चूक. तिसऱ्या दिवशी बायको एकटी रोपवाटिकेत आली आणि म्हणाली, "बाई, त्याईनं गुणाकारात सात नवा बासष्ट धरले होते. आता जुळली." तू बी टाकलंस. पुढच्या हिवाळ्यात त्या घरून आपल्याकडे भरीत आलं आणि सोबत निरोप, "हे दोन हजार तीनचं हाय, तिखट करून ठेवलं." मी आयुष्यात पुष्कळ भरतं खाल्ली. संख्येचं भरीत तेवढंच.

आपला वाद तिथेच सुरू व्हायचा. जेवताना मी म्हणायचो, "पण ताई, याचा उपयोग काय?" दर वेळी तू वेगळं उत्तर द्यायचीस. एकदा म्हणालीस, "तुह्या गोष्टीयचा काय उपयोग हाय?" एकदा म्हणालीस, "पोहरादेवीले यात्रेत एवढी माणसं जाते, त्याईले विचारतं का उपयोग?" एकदा नुसतीच भाकरी वाढलीस. पण कुठलंही उत्तर तुला स्वतःला पटल्यासारखं दिसायचं नाही. तू शिक्षिका होतीस, उगाच पटल्यासारखं करायची सवय तुला नव्हती.

आणि दुसरी एक गोष्ट, जी मी कधी बोललो नाही. त्या संख्येच्या शेवटी आणखी एक आकडा लावला तर ती मूळ राहत नाही. कोणताही लाव. सम आकडा लाव, दोनाने भाग जातो. पाच लाव, पाचाने जातो. एक किंवा सात लाव, तिनाने जातो. तीन किंवा नऊ लावलं तर भाजक शोधायला जरा वेळ लागतो, पण सापडतो. म्हणजे ती तिथेच संपते. पुढे नाही. हे तू मला सांगितलंस तेव्हा मी झारी भरायला उठलो, कारण मला काय आठवलं ते तुलाही माहीत होतं. मामाच्या पोरीच्या लग्नात मावशीने भर मांडवात विचारलं होतं, "कुमुद, सगळं बराबर हाय, पण तुह्या मागं कोण?" लग्न न केलेल्या माणसाला हा प्रश्न दर पंगतीत वाढला जातो. तू हातातला घास तसाच धरलास आणि म्हणालीस, "मावशी, एक संख्या हाय. तिच्या मागं आकडाच लागत नाई. तरी तिचं काई अडत नाई."

मावशी म्हणाली, "कोणाची पोरगी हाय?"

तू इतकी हसलीस की जिलेबी ताटाबाहेर गेली. मीही हसलो. पण त्या दिवसापासून मी त्या संख्येला जरा मानाने वागवायला लागलो, हे तुला सांगायचं राहिलं.

वाशीमच्या दवाखान्यात शेवटी शेवटी तू कमी बोलायला लागलीस. आधी वाक्यं गेली, मग वाक्यांची अर्धीमुर्धी टोकं राहिली. पण सिस्टर सलाईन लावायला आली की एक्स-रेच्या पाकिटावर लिहिलेले ते आठ आकडे तिला दाखवायचीस आणि उजवीकडून अंगठ्याने एकेक झाकत जायचीस. तिला ते दोन दिवसांत पाठ झालं.

"म्हंजे किती बी कापा, तशीच राहते?" ती म्हणाली.

"हो."

"अन् शेवटी?"

"सात."

"अन् सातले कापलं तर?"

"सातले कोण कापते," तू म्हणालीस, आणि डोळे मिटलेस. मी खिडकीबाहेर बघत होतो. बाहेर एक रिक्षावाला टायर बदलत होता. त्याच्याइतकं लक्ष देऊन मी कधी कुणाला टायर बदलताना पाहिलं नसेल.

त्याच दुपारी मी पुन्हा विचारलं. खरं तर तुला बोलतं ठेवायला विचारलं. "ताई, उपयोग काय, हे राहिलं सांगायचं." तू म्हणालीस, "घरी गेल्यावर सांगीन." घरी मी एकटाच आलो.

तेव्हा अकराव्या ट्रेत बी टाकायचा फक्त एक कप्पा उरला होता. सगळ्यात शेवटचा भाजक, आठ हजार पाचशे सत्त्याण्णव. तो तू कुणालाच दिला नव्हतास. "तो आपल्या घरचा. तू अन् मी." मी दोन वर्षं टाळत होतो. तू म्हणायचीस, "करू रे, शेवटी करू." आता शेवट आला होता आणि दोघांतली एक कमी होती. तो कप्पा भरला नाही तर हजाराच्या वर भागाकारांचं काम अर्धवट. एका भाजकानेही भाग गेला तर संख्या मूळ नाही, आणि एकही तपासायचा राहिला तर ती मूळ आहे असं म्हणता येत नाही. हा नियम तुझाच.

आता फ्लेक्स.

तुला फ्लेक्स आवडत नव्हते. चौकात कुणाचा वाढदिवसाचा फ्लेक्स दिसला की तू म्हणायचीस, "हा काय दिवा लावून राह्यला?" तरीही मी केला. मी सुधारेन म्हणून तू इतकी वर्षं वाट पाहिलीस, आणखी थोडी पाहायची होतीस. तुझा शाळेतला फोटो दिला, खाली 'गणिताच्या बाई' आणि त्याखाली तुझी संख्या. फ्लेक्सवाल्याचा फोन आला.

"भाऊ, मोबाईल नंबरात दोन आकडे कमी हाय."

"थो मोबाईल नाई."

"मंग बुकिंगचा?"

"कायचं बुकिंग रे बावा, वारल्या त्या."

"मंग काय हाय?"

"त्याईची संख्या."

"बरं भाऊ."

दुसऱ्या दिवशी मालेगावच्या स्टँडसमोर फ्लेक्स लागला. मी लांबून पाहिला, फोटो चांगला आला होता, डोळे पुसले आणि घरी आलो. दहा वाजता रेखाचा फोन. रेखा तुला आठवते, वाशीम-मालेगाव गाडीवर कंडक्टर आहे, तुझ्या शाळेतली. तिच्या घरी एकतीस होता, तिने आणि तिच्या लेकीने केला होता.

"भाऊ, घात झाला. बाईची संख्या फुटली."

"फुटली म्हणजे?"

"एकतीसनं भाग जाऊन राह्यला. पूर्ण! माह्या घरची बाकी दहा होती, माही बी दहा, लेकीची बी दहा. आता फ्लेक्सवर पाह्यलं त शून्य!" तिचा आवाज रडकुंडीला आला होता. मागे गाडीतले लोक ओरडत होते, "बाई, घंटी मारा ना!"

मी म्हणालो, "तू नीट केलं का?"

"दोनदा केलं भाऊ. तिकिटाच्या मागं केलं."

मी चप्पल शोधतोय तोवर दुसरा फोन. एकशे तेराच्या घरून. "गजाननभाऊ, आमच्यानं भाग जाऊन राह्यला." घराबाहेर पडतोय तोवर दोनशे अकराच्या घरचे सासरे स्वतः मोटारसायकलवर हजर. त्यांनी हेल्मेटसुद्धा काढलं नव्हतं. "भाऊ, सुनेनं केलं, म्या केलं, दोघाचं बी शून्य."

स्टँडवर पोचलो तर फ्लेक्सखाली गर्दी. एक भाजीवाली जमिनीवर खडूने भागाकार करत होती, तिच्या शेजारी पोहरादेवीकडचा जीपवाला दुसऱ्या भाजकाने करत होता, आणि दोघं एकमेकांना चुका दाखवत होते. मी वर पाहिलं. ७३९१३३. एक एकोणचाळीस गायब. फ्लेक्सवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "भाऊ, एकोणचाळीस दोनदा टाइप झालं असंल म्हणून म्या एक काढलं. काढल्यावर सहा झाले. म्हटलं, पिनकोड असंल."

ताई, तिथेच हसून हसून माझ्या पोटात दुखलं. मग मला कळलं, आणि हसू थांबलं. घरी येऊन मी कागदावर करून पाहिलं, आयुष्यात पहिल्यांदा कुणी न सांगता. त्या चुकीच्या संख्येचे मूळ भाजक तीनच आहेत: एकतीस, एकशे तेरा आणि दोनशे अकरा. ज्या तीन घरांकडे ते होते, त्या तिन्ही घरांतून निरोप आला होता, एकाच सकाळी. बाकीच्या घरांनी पाहिलं, भागून पाहिलं, भाग गेला नाही, म्हणून ती शांतपणे कामाला लागली. म्हणजे त्या चौकातून जाणाऱ्या सगळ्यांनी तुझ्या फोटोखाली उभं राहून आपापल्या भाजकाने भागलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. तू तर सांगायला नव्हतीसच.

उपयोग काय, असं मी आता विचारत नाही.

दुपारपर्यंत फ्लेक्सवाल्याने नवा लावला. पैसे घेतले नाहीत. जाता जाता म्हणाला, "भाऊ, माह्यासाठी एखादा भाजक हाय का?" मी म्हणालो, "संपले. एकच राहिला, थो घरचा हाय."

तेरवी शेडनेटमध्येच केली. ट्रे बाजूला रचले, सतरंज्या टाकल्या. तुझी बहुतेक घरं आली. जेवणं झाल्यावरही कुणी उठेना. सगळे फळ्याकडे बघत होते. अकरावा ट्रे मी मुद्दाम वर ठेवला होता. शेवटच्या कप्प्यात नारळाच्या भुशाचं कोकोपीट भरून ठेवलं होतं, बी मात्र नव्हतं.

"आता?" माय म्हणाली. ती खुर्चीत बसली होती, हातात वांग्याच्या बियांची पुडी.

"दोघं पायजेत," मी म्हणालो. "घरातले दोघं."

रेखा उठली. "मी हाय ना."

कुणीतरी म्हणालं, "तू कुठं त्याईच्या घरची?"

"बाईच्या घरची नाई त कोणाच्या घरची हाय मी?" रेखा त्याच्यावर डाफरली. "तिकिटाचे पैसे मोजाले कोणी शिकवलं मले? तुमी?"

माय म्हणाली, "करू द्या तिले."

रेखा पाटी घेऊन मागच्या बाजूला, विहिरीकडे तोंड करून बसली. मी फळ्यावर. सगळ्या गावासमोर, ताई. आठ हजार पाचशे सत्त्याण्णवाने तुझ्या संख्येला. आठचा भाग लागला, अडुसष्ट हजार सातशे शहात्तर वजा केले. पुढचा आकडा खाली घेतला, सहाचा भाग. एकोणपन्नास उरले. तीन खाली घेतला, चारशे त्र्याण्णव, भाग जात नाही. शेवटचा तीन खाली घेतला, चार हजार नऊशे तेहतीस, तरी भाग जात नाही. घाम पुसला. "झालं," मी म्हणालो. "भागाकार शहाऐंशी, बाकी चार हजार नऊशे तेहतीस."

रेखा मागून म्हणाली, "बाकी चार हजार नऊशे तेहतीस."

सगळे टाळ्या वाजवायला लागले. रेखा उठून फळ्याजवळ आली, माझ्या गणिताकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "पण भाऊ, भागाकार शहाऐंशीशे हाय. तुमी दोन्ही शून्य विसरले."

शेडनेटमध्ये एकदम हशा. ताई, तू असतीस तर तेच वाक्य म्हणाली असतीस, जे तू पाचवीपासून माझ्या डोक्यात घालत होतीस. "आकडा खाली घेतला अन् भाग गेला नाई, त वर शून्य मांडा लागते, गजू. जागा सोडाची नसते." मी खडू घेतला आणि सहाच्या पुढे दोन शून्यं मांडली. एकेक करून, नीट गोल. तुझा हात माझ्या हातावर असता तर जेवढी गोल आली असती, जवळपास तेवढीच आली.

माय पुडी सोडून बी शोधत होती. तिला आता नीट दिसत नाही. तिने बोटाने कप्पा चाचपला आणि बी टाकलं. वरून कोकोपीट दाबलं, हात झटकले आणि मला विचारलं, "म्हंजे वाटे नाई झाले?"

"नाई झाले, माय."

"एक बी?"

"एक बी नाई."

तिने पुडी पुन्हा बांधली आणि म्हणाली, "मंग तिले सांग ना. वाट पाहून राह्यली असंल."

म्हणून हे लिहिलं.

उत्तर: ७३९३९१३३ ही मूळ संख्या आहे. आपण करून पाहिलं.

खाली दोन रेघा मारल्या आहेत.

तुझा,
गजू